सतरावं नाव

दादा गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला उंबरठ्यावर मी बसायचं ठरलं, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं असंच मला वाटलं.

काम तसं मोठं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्हा खानदेशी लोकांच्या घरी पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात, शेजारी आंबे आणि पुरणपोळीचं पान. मग घरातला कर्ता माणूस उंबरठ्याशी बसतो, ओल्या कुंकवात बोट बुडवतो आणि गेलेल्या एकेकाचं नाव मोठ्याने घेत उंबरठ्यावर बोट उमटवत जातो. नाव घेतलं की ते माणूस जेवायला येतं. ज्याचं नाव राहिलं ते दारातून उपाशी परत जातं, असं आई सांगायची. मी पुस्तकं वाचणारा माणूस. हे खरं आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पण खोटं आहे असंही मला आजवर म्हणता आलेलं नाही.

दादा, म्हणजे दगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सुरतेत त्याने चाळीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, काढली. खात्यात शंभर लूम एकदम चालतात, तिथे माणसं ओरडूनच बोलतात, आणि दादा घरीही तसाच बोलायचा. उंबरठ्यावर बसला की गल्लीतल्या गुजराती शेजाऱ्यांनाही आमचे पूर्वज पाठ व्हावेत असा आवाज. शिवाय प्रत्येक नावामागे त्याची एक पुस्ती असायची. "झिपरू आजा, ये. तंबाखू मिळणार नाही, सून रागावते." "भुराबाई, तुला दात नाहीत म्हणून रस जास्त केलाय." योगराज, त्याचा मुलगा, लहानपणी ही नावं ऐकून लोळून हसायचा. आता योगराजची मुलगी धनश्री हसते.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. मुलांसमोर माझा आवाज निघायचा. मुलांचे आईबाप आले की निघत नसे.

"योगराजला बसवा ना," मी वहिनींना म्हणालो. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या घरात खाली वहिनी आणि योगराजचा संसार, वर मी आणि माझी बायको उषा. वहिनी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. बोलणं चालू असताना त्यांचा हात थांबत नाही.

"त्याले चार नाव येतस का? घरमा मोठा कोन शे आते?" त्या म्हणाल्या. इतकी वर्षं सुरतेत राहून त्यांची अहिराणी तसूभरही हललेली नाही. मग एक कुरडई सरळ करत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "भाऊजी, समदास्नं नाव ल्या. एक बी सोडानं नही. यंदा ते पहिल्यांदा येतीन."

ते म्हणजे दादा. वहिनींनी नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलेलं नाही.

मी खाली आलो आणि वहीचा एक कागद काढला. डोळे मिटले की दादाचा आवाज ऐकू येतो, त्यामुळे नावं त्याच्या क्रमाने आठवू लागली. झिपरू आजा, भुराबाई आजी, त्यांच्यानंतर थोरले काका, मग वडील, आई, प्लेगात गेलेली आत्या, विहिरीत पडलेला चुलतभाऊ. अशी सोळा झाली. सोळाव्यानंतर दादा नेहमी थोडा थांबायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "आणि कुसुम." त्यामागे पुस्ती नसायची. बोट उमटवायचा आणि उठायचा.

मी सतराव्या ओळीवर "कुसुम" लिहिलं आणि ते नाव नुसतं बघत बसलो. ही कुसुम कोण?

पंचवीस वर्षं मी हे नाव ऐकत आलो होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं. कुणीतरी लांबची मावशी असेल असं मनाशी धरून चाललो होतो. आता वंशावळीची वही काढली. मी स्वतःच तयार केलेली आहे, भाटाच्या बाडावरून उतरवून, सात पिढ्यांची. वडलांकडून बघितलं, आईकडून बघितलं, वहिनींच्या माहेरचंही जेवढं होतं तेवढं बघितलं. कुसुम कुठेच नव्हती.

"अहो, तुमच्या दादांची कुणीतरी असेल," उषा भाजी निवडत म्हणाली. "लूमवरची."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग लाजताय कशाला? तुमची थोडीच होती?"

ती गंमत करत होती. पण माझ्या डोक्यात ते जाऊन बसलं. वहिनींना विचारावं, तर उषा म्हणते तसं काही निघालं तर? नवरा गेल्याला सहा महिने झालेल्या बाईला दिराने हे विचारायचं? आणि न विचारता नाव घ्यावं, तर वहिनी दरवर्षी ते ऐकून मनातल्या मनात कुढत असतील तर? बरं, गाळावं, तर कुसुम जी कुणी असेल ती दारातून उपाशी परत जायची, आणि "एक बी सोडानं नही" असं तर मला बजावलेलं. तीन दिवस मी हेच करत होतो. कागदावर ते नाव मी पेन्सिलीने लिहिलं होतं, की गरज पडली तर खोडता यावं.

शेवटी मला धुडकू आठवला. धुडकू दादाचा लूमवरचा जोडीदार. दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीत. दर आखाजीला तो आमच्याकडे जेवायला असायचा. दाराबाहेर पायरीवर बसायचा आणि दादाची नावं घेऊन होईपर्यंत आत यायचा नाही. दादाचं असं काही असेल तर त्यालाच ठाऊक असणार. आता तो मुलाकडे, ललितकडे, भेस्तानला राहत होता. दादाच्या दहाव्यानंतर तो आला नव्हता.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी रिक्षाने भेस्तानला गेलो. नव्या सोसायटीतलं दोन खोल्यांचं पक्कं घर. धुडकू ओट्यावर एक जुनी खाट उलटी करून काथ्याने विणत बसला होता. ऐंशीकडे झुकलेला माणूस, पण हात सरसर चालत होता.

"बठा मास्तर, बठा," तो ओरडून म्हणाला. लूमच्या आवाजाने त्याचे कान कधीच गेलेत. "चहा ल्याल ना? सून येईच आते बाजारमाईन."

मी बसलो. हवापाण्याचं बोललो, आंब्याचा भाव बोललो. जे विचारायला आलो होतो ते तोंडातून निघेना. त्यात धुडकूशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि असली गोष्ट ओरडून कशी विचारायची? शेजारच्या ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत होत्या. मी कागद काढला, उघडला आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवून त्याच्यापुढे धरला.

धुडकूला वाचता येतं, पण हळू. त्याने ओठ हलवत अक्षरं लावली. मग कागद मला परत दिला आणि काथ्याची गाठ ओढायला लागला. गाठ बसलेलीच होती तरी ओढत राहिला.

"ही कोण?" मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं. "दादाची कुणी होती का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

"दगानी कोन ऱ्हाई! मास्तर, तुम्ही बी!" त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "ती ललितनी माय."

ललितची आई मला चांगली आठवत होती. खाडीच्या काठावर त्यांची झोपडी होती. मी अमळनेरहून नोकरीच्या मुलाखतीला पहिल्यांदा सुरतेत आलो तेव्हा दादाची रात्रपाळी होती, आणि त्याने मला स्टेशनवरून सरळ त्या झोपडीत नेऊन सोडलं होतं. एका सडपातळ बाईने मला फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी वाढली होती. मी लाजून दोनच घेतले, तर ती आतून म्हणाली होती, "मास्तर व्हवाले चालनात आन पोट विद्यार्थीनं शे का?" पुढे कावीळ होऊन ती गेली. ललित दोन वर्षांचा होता. तिला आम्ही सगळे ललितची आईच म्हणायचो. तिच्या हातचं मी जेवलो होतो आणि तिचं नाव काय हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

धुडकूने मग सांगितलं ते असं. ती गेली त्या वर्षी आखाजी आली. गावच्या घरी भाऊबंद त्याला उभं करत नव्हते, तिथे तिचं नाव कोण घेणार? आणि इथे झोपडीला दाराच्या जागी गोणपाट टांगलेलं. "गोनपाटले कोठे उंबरठा ऱ्हास, मास्तर?" तो म्हणाला. पाळी संपल्यावर दादाने त्याला विचारलं, "वहिनीचं नाव काय रे?" धुडकूने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. ते त्याने दादाच्या तळहातावर बोटाने लिहून दाखवलं. घरी येऊन दादाने ते आमच्या उंबरठ्यावर घेतलं, आणि त्यानंतर एकाही वर्षी सोडलं नाही.

"आता तुमचं स्वतःचं घर आहे," मी म्हणालो. "पक्का उंबरठा आहे. आता तुम्हीच..."

"मनी जीभ वळत नही."

"ललित घेईल."

"ललित घेई. पन तो तिले वळखस का?" त्याने खाट सुलटी केली, तळव्याने दाबून बघितली. "दगानी तिना हातनं खायेल व्हतं."

निघताना मी म्हणालो, "परवा येताय ना?" त्याने मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळलं नाही. "दगा व्हता म्हनीसन येत व्हतू," तो पुटपुटला. दादा असता तर त्याला हाताला धरून रिक्षात घातलं असतं. मी नुसतं "या हं, नक्की या" असं दोनदा म्हणालो आणि निघालो. दुसऱ्यांदा म्हणालो ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

घरी आल्यावर मी धीर करून वहिनींपुढे गेलो. म्हणालो, "वहिनी, ते सतरावं नाव. कुसुम. ती आपल्या धुडकूची..."

"ललितनी माय," वहिनी म्हणाल्या. "माले माहीत नही का? तिना नावनी एक पोळी मी दरसाल जास्त लाटस."

"मग मला सांगायचं ना! तीन दिवस मी..."

"तुम्ही कधी विचारं का? तुम्ही ते पुस्तकमाच दखी राहिनात."

स्वयंपाकघरातून उषा हसल्याचा आवाज आला. मी वर गेलो, पेन्सिलीवर पेनाने कुसुम लिहिलं आणि सगळी यादी नव्या कागदावर चांगल्या अक्षरात उतरवून काढली. प्रत्येक नावापुढे दादाच्या पुस्त्याही लिहिल्या, जेवढ्या आठवल्या तेवढ्या. तंबाखू, दात, रस. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात कडी लावून दोनदा म्हणून पाहिल्या. बाहेर आलो तर धनश्री दारात उभी.

"नाना, तुमच्या आवाजात ते फनी नाही लागत," ती गंभीरपणे म्हणाली. "तुम्ही खाली नावं वाचा. चालशे."

तिच्या गुजराती वळणाच्या बोलण्यात 'खाली' म्हणजे 'नुसती'. मला ते पटलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी घर रसाच्या आणि पुरणाच्या वासाने भरलं होतं. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर घागरीच्या जोडीला एक मोठं मडकं मांडतात, डेरगं म्हणतात त्याला. ते दादाचं. वहिनींनी स्वतः ते पाण्याने भरलं, त्यावर दादाला आवडायचं तसं मोठं डांगर ठेवलं, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. योगराज सुट्टी काढून घरी होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सारखा दाराबाहेर बघत होतो. पायरी रिकामी होती.

साडेअकरा झाले. "काका, सुरू करा," योगराज म्हणाला.

मी बसलो, चष्मा लावला, कागद मांडीवर ठेवला, बोट कुंकवात बुडवलं. "झिपरू," मी म्हणालो. आवाज बरा निघाला. "भुराबाई." बोटांची रांग सरळ यावी म्हणून मी नजर उंबरठ्यावर ठेवली होती. वडलांचं नाव घेतलं. आईचं घेतलं. आत्या झाली, चुलतभाऊ झाला. सोळा झाली तेव्हा दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. धुडकू धोतर सावरत पायरीवर बसत होता. धाप लागली होती. बसस्टॉपपासून चालत आला असावा. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढे वाचता आलं नसतं.

"आणि कुसुम," मी जरा मोठ्याने म्हणालो, त्याला ऐकू जावं म्हणून.

धुडकूने मान खाली घातली. मी सतरावं बोट उमटवलं, नीट, इतरांपेक्षा जरा ठसठशीत, आणि मनात म्हणालो, दोनच फुणके खाल्ले होते, पण खाल्ले होते. मग कागदाची घडी घातली. मला फार मोकळं वाटलं. एकही सुटलं नव्हतं. मी उठायला लागलो.

कुणी हललं नाही. वहिनी मडक्याशेजारी तशाच उभ्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आन हाई कोनं शे?"

त्यांचं बोट मडक्याकडे होतं.

मी कागद पुन्हा उघडला. वरपासून खालपर्यंत सतरा नावं, माझ्या चांगल्या अक्षरात. दादाचं नाव त्यात नव्हतं. मी ती यादी दादाच्या तोंडून ऐकलेली लिहिली होती, आणि दादाने स्वतःचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. त्याच्यासाठी मांडलेलं मडकं समोर असताना, सहा महिने त्याच्या आठवणीशिवाय एक दिवस गेला नसताना, मी त्यालाच दाराबाहेर ठेवून उठत होतो. वहिनींनी सांगितलेलं एकच काम होतं.

"चुकलं, वहिनी," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"बसा खाली," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

मी बसलो. बोट कुंकवात बुडवलं. वडलांचं नाव घेताना मी अडलो नव्हतो, आईचं घेताना अडलो नव्हतो. पण जन्मभर ज्याला दादा म्हटलं त्याचं नाव तोंडात येईना. नुसतं "दादा" म्हणून बोट उमटवलं तर चालेल का, असंही मनात आलं. पण दादा सगळ्यांचाच कुणी ना कुणी असतो. कुठला दादा ते त्याला कळायला नको का? मी एकदा तोंड उघडलं. आवाज आला नाही. दुसऱ्यांदा उघडलं तर नुसती हवा निघाली. धनश्री माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. कुंकू बोटावरून ओघळून मनगटापर्यंत आलं.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. शंभर लूम चालू असताना पलीकडच्या टोकाच्या माणसाला हाक मारावी तसा.

"दगाऽऽ! ओ दगा! चाल रे भो, जेवाले ये!"

मी दचकलो. माझं बोट आपोआप उंबरठ्यावर टेकलं, रांगेच्या बाहेर, जरा वाकडं. धुडकू पायरीवर उभा राहिला होता आणि गल्लीकडे तोंड करून पुन्हा ओरडत होता, "दगाऽऽ! मास्तरले आवाज नही, मी बलाई राहिनू!"

समोरच्या घरातून मगनभाई बनियनवरच बाहेर आले. "शुं थयुं? कोने बूम पाडो छो?"

"मारा मोटा दादाने," धनश्रीने सांगितलं. "जमवा बोलाव्या."

कुणाला जेवायला बोलावलंय ते ऐकून मगनभाईंनी एकदा गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं, मग डोक्यावरून हात फिरवला आणि हात जोडले. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं. पदर काढला तेव्हा डोळे ओले होते आणि तोंड हसत होतं.

"एवढा आवाज!" त्या धुडकूला म्हणाल्या. "बहिरा तुम्ही शेतस, ते नही."

"लांबथून येवाना शे ना," धुडकू म्हणाला, आणि आत आला.

मी अजून उंबरठ्यातच बसलो होतो. बोटांची रांग बघत होतो. सतरा सरळ आणि एक वाकडं. ते पुसून नीट करावं का, असा विचार करत होतो.

"ऱ्हाऊ द्या तसंच," वहिनी माझ्या डोक्यावरून म्हणाल्या. "आन उठा आते, भाऊजी. तुम्ही वाटमा बठेल शेतस, पान वाढाना शेतस."

मी बाजूला सरकलो आणि वाट मोकळी करून दिली.